विषय: ब्लॅकपूल सहल – ग्रँड थिएटरची तिकिटं

नमस्कार मंडळी,
सहलीत नाटक ठेवलंय हे फार छान झालं. पण स्वस्त पडतात म्हणून सगळ्यांनाच गॅलरीत बसवणार का? एवढं जुनं थिएटर, म्हणजे नेमका खांब पुढ्यात येणार. आई-बाबा भारतातून आलेत, त्यांनाही आणणार आहे.

---

ताई, खांबांची काळजी सोडा, जिन्यांची करा!

हे थिएटरं बांधणारा वास्तुविशारद फ्रँक मॅचम याचं काम आहे. त्याने इथे सज्जांच्या तुळया मागच्या बाजूला पक्क्या रोवल्या आणि पुढचं टोक अधांतरी ठेवलं. आम्हा इंजिनिअरांच्या भाषेत कँटिलिव्हर. त्यामुळे प्रेक्षकांच्या नजरेच्या आड येणारे खांब पुष्कळच कमी झाले. मॅचमने ही रचना पहिल्यांदा वापरली ती इथेच. खालून वर स्टॉल्स, सर्कल, अपर सर्कल आणि गॅलरी असे चार मजले आहेत, त्यामुळे गॅलरीकरांनी दम राखून यावं.

टॉमस सर्जेन्सन या मालकाला देशातलं सर्वांत देखणं थिएटर हवं होतं. वीस हजार पौंड खर्चून ते सात महिन्यांत उभं राहिलं आणि २३ जुलै १८९४ ला ‘हॅम्लेट’ने पडदा उघडला. ब्लॅकपूल टॉवरही त्याच उन्हाळ्यातला. तेव्हा इंग्लंडच्या लँकेशर परगण्यात एकेका गावातल्या कापडगिरण्या आठवडाभर बंद राहायच्या आणि अख्खं गाव आगगाडीने इथे समुद्रावर लोटायचं. आपल्या गिरणगावानेही नाटकं जगवली, म्हणून मला हे विशेष वाटतं.

पुढे टीव्ही आला, गर्दी ओसरली. १९७२ मध्ये हे थिएटर पाडायचं घाटत होतं. संरक्षित वास्तू म्हणून नोंद झाली, नाट्यप्रेमी संघटना करून लढले, तेव्हा कुठे वाचलं. मधे काही वर्षं आत चक्क बिंगो चालायचा. १९८१ मध्ये पुन्हा नाटकं सुरू झाली.

आणि हो, लवकर या. कोपऱ्यावरचा घुमट बाहेरून बघून घ्या, आत गेल्यावर छत. नाटक पडेल निघालं तरी पैसे वसूल.
– नाना

---

ज्येष्ठांसाठी स्टॉल्स, बाकीचे गॅलरीत. ज्यांना जिने झेपणार नाहीत त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा. नंतर बदल होणार नाही.
– सचिव

---

मग मी आई-बाबांबरोबर खाली बसते. नाना, माझी दोन्ही मुलं वर तुमच्या शेजारी. त्यांना कठड्यावरून वाकू देऊ नका.