अटेनबरो आजोबा: आपापल्या आठवणी लिहाव्यात

नीलपंख
आपल्या नव्व्याण्णवाव्या वाढदिवशी, म्हणजे ८ मे २०२५ रोजी, निसर्गविषयक माहितीपटांचे ब्रिटिश निवेदक सर डेव्हिड अटेनबरो यांचा 'ओशन' हा माहितीपट प्रदर्शित झाला. तो मी परवा पाहिला. ट्रॉलरचे जाळे समुद्राचा तळ खरवडत जाते, गाळाचा लोट उठतो, वाटेत येईल ते जाळ्यात ओढले जाते आणि नेमक्या त्या वेळी अटेनबरोंचा आवाज चढत नाही, उलट आणखी खाली येतो. ते ऐकताना माझी आजी आठवली. तिला इंग्रजीचे अक्षरही कळत नसे, तरी केबलवर हे गृहस्थ दिसले की निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारून ती पुढे सरकून बसे आणि म्हणे, "हा बाबा बघ, जनावराची झोपमोड होऊ नये म्हणून कसा हळू बोलतो." ज्या माणसाला आपण कधी भेटलो नाही, त्याच्याविषयी घरच्या वडीलधाऱ्यांसारखी माया का वाटावी? आपले अनुभव वाचायला आवडतील.

सह्यकडा
गोरिला! दुसरे काय लिहिणार? रवांडाच्या डोंगरात १९७८ मध्ये त्यांना खरे तर अंगठा आणि बोटांच्या पकडीविषयी कॅमेऱ्यासमोर बोलायचे होते. पण गोरिलांची पिल्ले त्यांच्या बुटांशी खेळू लागली आणि ठरलेले भाषण तसेच राहून गेले. पुढच्या वर्षी 'लाइफ ऑन अर्थ' या मालिकेत जे दिसले, ते पाहणाऱ्या कोणालाही विसरता येणे शक्य नाही. झाडोऱ्यात आडवा पडलेला, चेहऱ्यावरचा आनंद लपवता न येणारा तो माणूस पाहून मी ठरवले होते की मोठेपणी हेच काम करायचे. आज मी विमा कंपनीत आहे, पण सुट्टीचा अर्ज नेहमी ताडोबासाठीच असतो.

कोल्हापुरी_साज
आमच्या वडिलांनी हे आणि 'ज्युरासिक पार्क'मधले पांढऱ्या दाढीचे आजोबा एकच आहेत, असे अनेक वर्षे धरून ठेवले होते. ते थोरले बंधू रिचर्ड, हे कितीही सांगितले तरी त्यांना पटत नसे. मग त्यांना सांगितले की याच रिचर्ड यांच्या 'गांधी'साठी आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ऑस्कर मिळाले, तेव्हा कुठे त्यांनी दोघा भावांची खाती वेगळी केली. कोल्हापूरचा संबंध निघाल्याशिवाय आमच्याकडे कोणतीही माहिती ग्राह्य धरली जात नाही.

नीलपंख
@कोल्हापुरी_साज, वडिलांना माझा नमस्कार सांगावा. धाकट्या भावाचाही भारताशी संबंध आहे: २०१९ चा इंदिरा गांधी शांतता पुरस्कार डेव्हिड यांना देण्यात आला.

लेस्टरवासी
मी गेली काही वर्षे नोकरीनिमित्त लेस्टरमध्ये राहतो. अटेनबरो यांचे बालपण याच गावात, विद्यापीठाच्या आवारात गेले, कारण त्यांचे वडील तेथील कॉलेजचे प्राचार्य होते. प्राणिशास्त्र विभागाला पाणसरडे हवे आहेत, असे कळल्यावर लहानग्या डेव्हिडने ते नगाला तीन पेन्स दराने पुरवले. मात्र आपण ते विभागाच्या शेजारच्याच तळ्यातून काढतो, हे त्याने सांगितले नाही. येथील लोक हा किस्सा अशा अभिमानाने सांगतात, की जणू तो व्यवहार त्यांच्यासमोरच झाला होता.

मला अधिक भावते ती चार्नवूडची गोष्ट. लहानपणी ते आसपासच्या खडकांत जीवाश्म शोधत हिंडायचे, पण चार्नवूडच्या बाजूला जात नसत, कारण ते खडक इतके प्राचीन मानले जात की त्यांत जीवाश्म सापडणेच शक्य नाही, असा समज होता. पुढे १९५७ मध्ये एका शाळकरी मुलाला तेथेच 'चार्निया' या अतिप्राचीन जीवाचा ठसा सापडला आणि त्या काळाविषयीची समजूत बदलली. हुकलेल्या संधीची ही हकिकत अटेनबरो स्वतःच हसत सांगतात, म्हणून तर ते जवळचे वाटतात.

अर्धविराम
सर्वांच्या भावनांचा आदर राखून थोडा वेगळा सूर लावतो. अलीकडच्या मालिकांत त्यांचे काम मुख्यतः निवेदनाचे असते. बर्फात आणि चिखलात आठवडेच्या आठवडे बसून राहणारे छायाचित्रणकार निराळे असतात आणि त्यांची नावे शेवटी भराभर सरकून जातात. दुसरे असे, की २०११ च्या 'फ्रोझन प्लॅनेट'मधील ध्रुवीय अस्वलाच्या नवजात पिल्लांचे दृश्य प्राणिसंग्रहालयात चित्रित झाले होते आणि निवेदनात ते स्पष्ट न केल्याबद्दल टीका झाली, तेव्हा त्यांनी त्या पद्धतीचे समर्थनच केले. शिवाय अनेक दशके अस्पर्श रान दाखवत राहिल्याने सारे आलबेल आहे, असा आपला समज झाला, या आक्षेपातही तथ्य आहे.

सह्यकडा
@अर्धविराम, छायाचित्रणकारांविषयीचे आपले म्हणणे मान्य आहे. परंतु रानाची ओढच लागली नसती, तर ते नष्ट होत असल्याचे आपल्याला दुःख तरी कशाला झाले असते? 'ब्लू प्लॅनेट २'मध्ये समुद्रातल्या प्लॅस्टिक-प्रदूषणाच्या संदर्भात दाखवलेली, मेलेल्या पिल्लाला सोडायला तयार नसलेली पायलट व्हेल पाहिल्यानंतर आमच्या घरात प्लॅस्टिकच्या पिशवीवरून जेवढी भांडणे झाली, तेवढी जमिनीच्या वाटणीवरूनही झाली नव्हती.

येऊरकर
'प्लॅनेट अर्थ २'चा शहरांवरचा भाग आठवतो का? २०१६ मध्ये त्यात मुंबईचे बिबटे आले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, इमारतींच्या उजेडाजवळ, डुकरांच्या मागावर निघालेला बिबट्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात पांढराशुभ्र दिसत होता. आमच्या सोसायटीचे वॉचमन काका 'रात्री मागच्या भिंतीवर बसतो' असे कधीपासून सांगत होते आणि सगळे त्यांना हसत होते. तो भाग मी मोबाइलवर त्यांना दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "साहेबांचं इंग्रजी काही कळलं नाही, पण आता सेक्रेटरींना दाखवा."

पाणकणीस
माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात रात्री तिला झोप येत नसे, तेव्हा आम्ही टॅबवर 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ प्लांट्स' लावत असू. रोपे वाढतात, वेली आधार चाचपडत पुढे सरकतात आणि तो आवाज सावकाश समजावून सांगतो. त्यात घाई कसलीच नसे. त्यांच्या पत्नी जेन १९९७ मध्ये गेल्या, तेव्हा ते पक्ष्यांवरच्या मालिकेच्या कामात होते आणि ते काम त्यांनी पुढे पूर्ण केले, हे मी नंतर वाचले. यापेक्षा अधिक लिहिता येत नाही.

नीलपंख
@पाणकणीस, आपण लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार.

उंबरठा
वाचताना डोळे भरून आले. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. वाघाने शिकार केली की तो रडतो. त्याला काय दाखवावे?

येऊरकर
लायरबर्ड दाखवावा. 'द लाइफ ऑफ बर्ड्स'मध्ये तो पक्षी आधी इतर पक्ष्यांचे, मग कॅमेऱ्याच्या खटक्याचे आणि शेवटी चक्क झाडे कापणाऱ्या करवतीचे आवाज काढतो, तर अटेनबरो झाडाआडून त्याच्याइतकेच खूश होऊन पाहत असतात. दृश्य छोटे आहे आणि त्यात कोणी कोणाला खात नाही.

उंबरठा
कालच दाखवला. तेव्हापासून चिरंजीव कुकरच्या शिट्टीची हुबेहूब नक्कल करीत आहेत. त्या भरवशावर मी गॅस बंद केला आणि आज सर्वांनी कच्ची डाळ खाल्ली.