जमिनीवर बसून काम करणाऱ्याने स्टुडिओ मॉनिटरसाठी किती उंचीचे स्टँड घ्यावेत?

मिरजेचा पेटीवाला

नमस्कार. मी गायकांना पेटीची साथ करतो आणि गेली दोन वर्षे घरगुती बैठकांची ध्वनिमुद्रणे स्वतःच संपादित करतो आहे. त्यासाठी यामाहा एचएस ५ या स्टुडिओ मॉनिटरची, म्हणजे संपादनासाठीच्या स्पीकरची, जोडी घेतली. खोली १० फूट बाय १२ फुटांची आहे, फरशी व्हिट्रिफाइड टाइल्सची आहे आणि मी खुर्चीवर न बसता चार इंची कापसाच्या गादीवर मांडी घालून काम करतो, कारण पेटी, तानपुरा आणि लॅपटॉप हे सगळे त्याच बैठकीवर हाताशी लागते.

सध्या दोन्ही मॉनिटर समोरच्या बैठ्या मेजावर, लॅपटॉपच्या दोन बाजूंना, भिंतीला जवळजवळ टेकून ठेवले आहेत. मेजाची उंची एक फूट आहे. या व्यवस्थेत केलेले काम दुसरीकडे, विशेषतः गाडीत ऐकले की डग्गा फुगलेला वाटतो आणि गायकाचा आवाज जाड येतो. शिवाय काळी १ या पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज मला घरी फारच पुसट ऐकू येतो.

म्हणून मॉनिटर मेजावरून उचलून जमिनीवरच्या स्टँडवर ठेवायचे ठरवले आहे. वाद्यांच्या दुकानात जे स्टँड पाहिले त्यांची कमीत कमी उंची ३६ इंच आहे. ते घेऊन मॉनिटर खाली कलते करावेत, की फॅब्रिकेशनवाल्याकडून कमी उंचीचे करून घ्यावेत? करून घ्यायचे झाल्यास वजन किती असावे आणि टाइल्सवर टोकदार खिळ्यांचे पाय चालतील का? खालच्या मजल्यावर एक वृद्ध दांपत्य राहते, त्यांना त्रास होऊ नये हीही काळजी आहे.

तिसरा सप्तक

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण स्टँडबद्दल जे काही लिहिलेले सापडते ते जवळजवळ सगळे खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी असते. ३६ इंच हा आकडाही तिथूनच आला आहे. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर असतो, त्यातून मॉनिटरच्या तळापासून ट्वीटरपर्यंतची (वरच्या पट्टीच्या लहान स्पीकरपर्यंतची) उंची वजा केली की ३६ इंचांच्या आसपासचे माप उरते. आपल्याला हाच हिशेब आपल्या बैठकीचा करायचा आहे. गादीवर नेहमीसारखे बसा, पाठ मुद्दाम ताठ करू नका, आणि घरातल्या कोणाला तरी फरशीपासून कानाच्या छिद्रापर्यंत टेप धरायला सांगा. कापसाची गादी बसल्यावर दबते, त्यामुळे तिची जाडी अंदाजाने मिळवून चालत नाही.

समजा हे माप ७५ सेंटिमीटर आले. एचएस ५ ची उंची २८.५ सेंटिमीटर आहे आणि त्याचा ट्वीटर तळापासून अंदाजे २१ सेंटिमीटरवर येतो, तरी आपल्या मॉनिटरवर स्वतः मोजून घ्या. म्हणजे स्टँड साधारण ५४ सेंटिमीटरचा, सव्वाएकवीस इंचांचा हवा. ३६ इंची स्टँडवर हाच ट्वीटर ११२ सेंटिमीटरवर जाईल आणि सव्वा मीटरहून कमी अंतरावर बसलेल्या आपल्या कानाच्या सुमारे ३७ सेंटिमीटर वर राहील. या मॉनिटरमध्ये २ किलोहर्ट्झच्या आसपास वूफर (खालच्या पट्टीचा मोठा स्पीकर) आणि ट्वीटर एकमेकांकडे आवाज सोपवतात. त्या ठिकाणी ध्वनिलहरीची लांबी जेमतेम १७ सेंटिमीटर असते. कान फार वर किंवा फार खाली असला की दोघांचे अंतर सारखे राहत नाही आणि नेमक्या त्याच पट्ट्यात, जिथे गायकाचे शब्द उमटतात, आवाज पोकळ होतो. मॉनिटर कलता करून हा दोष बराच भरून निघतो, पण कलत्या मॉनिटरला घसरण्यापासून रोखण्याची वेगळी सोय करावी लागते. कमी उंचीचा स्टँड करून घेता येत असेल तर ही कसरत कशाला?

आता डग्ग्याकडे येतो. माझ्या मते आपली खरी अडचण मेज आणि भिंत यांची आहे. मेजाचा पृष्ठभाग आणि लॅपटॉपचा पडदा यांवरून आपटलेला आवाज मूळ आवाजाच्या किंचित मागून कानात येतो आणि काही स्वर खोडतो, काही वाढवतो. भिंतीचेही तसेच आहे. मॉनिटरमधून मागे गेलेला खालच्या पट्टीचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि मॉनिटरच्या दर्शनी भागापासून भिंत जितकी दूर, त्याच्या चौपट लांबीच्या लहरीला तो जवळजवळ रद्द करतो. दर्शनी भाग भिंतीपासून ४४ सेंटिमीटरवर असेल तर आवाज कमी होण्याचा हा खड्डा १९५ हर्ट्झच्या जवळ पडतो, ३२ सेंटिमीटरवर असेल तर २६८ हर्ट्झच्या जवळ. खड्ड्यातले स्वर आपल्याला कमी ऐकू येतात, म्हणून आपण ते वाढवतो, आणि गाडीत मात्र खड्डा नसल्यामुळे वाढवलेले सगळे अंगावर येते. आवाज जाड येण्याचे कारण मला इथे दिसते.

आपल्या खोलीत मॉनिटर १० फुटी भिंतीसमोर ठेवून १२ फुटांच्या दिशेने तोंड करावे. डोके समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे १३९ सेंटिमीटरवर ठेवून सुरुवात करण्याची प्रथा आहे. दोन मॉनिटर आणि डोके यांचा ११० सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण केला तर मॉनिटर भिंतीपासून ४४ सेंटिमीटरवर येतात. मागच्या बाजूला पोर्ट (हवा बाहेर पडण्याचे छिद्र) असल्यामुळे एवढी मोकळी जागा त्यांना मानवते. तिथून दोन-दोन बोटे पुढेमागे करून ओळखीचे ध्वनिमुद्रण ऐका. मॉनिटर भिंतीजवळच ठेवणे भाग पडले, तर मागचे रूम कंट्रोलचे बटण वापरा. ते ५०० हर्ट्झच्या खालचा भाग २ किंवा ४ डेसिबलने उतरवते.

खर्जाबद्दल मात्र स्टँडकडून फार अपेक्षा ठेवू नका. काळी १ चा मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झचा, म्हणजे खर्जाची तार ६९.३ हर्ट्झची. कंपनीच्याच आकड्यांनुसार एचएस ५ चा आवाज ७४ हर्ट्झलाच ३ डेसिबलने उतरलेला असतो. खर्ज आपल्याला ऐकू येतो तो मुख्यतः त्याच तारेतून आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वयंभू स्वरांमुळे. मूळ स्वर तपासायचा असेल तेव्हा चांगला हेडफोन लावावा.

गंजलेला खिळा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. करून घेण्याच्या बाजूबद्दल लिहितो, कारण मी रत्नागिरीजवळ राहतो आणि माझी पहिली जोडी स्वतःच्या मूर्खपणाने घालवलेली आहे.

फॅब्रिकेशनवाले बहुधा लोखंडाच्या वजनावर हिशेब करतात, त्यामुळे कागदावर मापे काढून न्या. ७५ मिलिमीटरचा चौकोनी, ३ मिलिमीटर जाडीचा पाइप, खाली १२ इंच बाय १२ इंच बाय ८ मिलिमीटरची प्लेट आणि वर ६ इंच बाय ८ इंचाची पातळ प्लेट, एवढे पुरते. ५५ सेंटिमीटर उंचीला पाइपचे वजन पावणेचार किलोच्या आसपास, खालच्या प्लेटचे पावणेसहा किलोच्या आसपास आणि वरच्या प्लेटचे एक किलो होते. पाइपमध्ये सुमारे सव्वाचार किलो कोरडी वाळू मावते. म्हणजे एक स्टँड पावणेपंधरा किलोंचा झाला, मॉनिटर ५.३ किलोंचा आहे, आणि सगळा भार खालीच राहतो. घरात लहान मूल असेल तर हे महत्त्वाचे आहे. तीन पायांचे हलके घडीचे स्टँड मला त्याच कारणाने पसंत नाहीत.

वाळू भरण्यासाठी वरच्या प्लेटमध्ये पाइपच्या बरोबर मध्यावर बोल्टचे छिद्र ठेवायला सांगा आणि पावडर कोटिंग होऊन स्टँड घरी आल्यावरच वाळू भरा. कोटिंगची भट्टी २०० अंशांच्या जवळ तापते. दोन्ही तोंडे बंद केलेला, छिद्र नसलेला पाइप त्या भट्टीत घालू नये आणि ओलसर वाळू भरलेला तर मुळीच घालू नये. मी कोटिंग केलेच नव्हते, नुसता रेड ऑक्साइडचा गंजरोधक रंग मारला होता, आणि वाळू आणली थेट किनाऱ्यावरून, दोन दिवस अंगणात पसरून सुकली असे समजून. मिठाची वाळू कधी सुकते का! पहिल्याच पावसाळ्यात तळाच्या सांध्यातून तांबडे पाणी झिरपून टाइल्सवर दोन चौकोनी डाग उमटले आणि ते आजही घरात माझी अब्रू काढतात. चाळलेली नदीची वाळू तव्यावर किंवा कढईत भाजून, पूर्ण गार करून भरावी. पाइप काठोकाठ न भरता दोन इंच रिकामा ठेवला तरी चालतो. बोटाने वाजवल्यावर घंटेसारखा नाद न येता ठक्क आवाज आला म्हणजे काम झाले.

टाइल्सवर टोकदार पाय नकोत. टाइल्सला चरे पडतात आणि स्टँड डोलतो. चार कोपऱ्यांत रबराच्या जाड चकत्या चिकटवा. आमच्या कारागिराने नकाशा पाहून हे तुळशीच्या कुंडीसाठी आहे का, असे विचारले होते. मी होकार दिला, कारण खरे सांगितले असते तर आणखी अर्धा तास गेला असता.

शंकेखोर

वजनाबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. वूफरचा हलणारा भाग काही ग्रॅमचा असतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने ५.३ किलोंचा मॉनिटर किती हलणार? पावणेपंधरा किलोंच्या स्टँडने आवाज ‘घट्ट’ होतो असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी स्टँड घेताना मॉनिटरची जागा आणि उंचीही बदललेली असते, आणि श्रेय मात्र लोखंडाला देतात. स्टँड डोलू नये, पडू नये आणि त्याचा पाइप स्वतः वाजू नये, एवढ्यासाठी वाळू जरूर भरा, त्यापलीकडच्या कथांवर विश्वास ठेवू नका. आधी सिमेंटच्या भरीव ठोकळ्यांची चळत करून, वर जुना टॉवेल टाकून आठवडाभर ऐकून पाहिले तर उंचीची खात्री पटेल आणि मग लोखंड कापता येईल. एकदा वेल्डिंग झालेला पाइप लांब होत नाही.

दुसरे असे की, फरशीकडे कोणी लक्ष दिलेले नाही. जमिनीवर बसणाऱ्याला फरशी जवळ असते. वूफर ६५ सेंटिमीटरवर, कान ७५ वर आणि मधले अंतर ११० धरले, तर फरशीवरून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा सुमारे ६८ सेंटिमीटर जास्त चालून येतो आणि २५० हर्ट्झच्या आसपास दुसरा खड्डा पाडतो. भिंतीचा खड्डा आणि हा खड्डा एकाच जागी पडू देऊ नका, म्हणून वर सुचवलेले ४४ सेंटिमीटर मला ३२ पेक्षा बरे वाटतात. आवाज फरशीवर आपटतो ती जागा मॉनिटरपासून अर्ध्या मीटरवर येते. तिथे पातळ सतरंजीचा या पट्टीत काही उपयोग नाही, पण आपल्याकडे चार इंची गादी आहेच! तीच पुढे सरकवा किंवा दुसरी टाका, म्हणजे खड्डा काही अंशी तरी उथळ होईल. बैठे मेज मात्र त्या वाटेतून काढावे लागेल. लॅपटॉप खाली, मांडीसमोर ठेवा.

हे खड्डे मोजून पाहायचे असतील तर रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. मोजणीचा मायक्रोफोन कोणाकडून एक दिवस उसना आणला तरी पुरे.

खालच्या मजल्याबद्दल: रबरामुळे स्टँडमधून स्लॅबमध्ये उतरणारा कंप कमी होईल, पण हवेतून आणि खिडकीतून जाणारा आवाज रबर अडवत नाही. रात्री दहानंतर आवाज कमी ठेवणे आणि त्या दांपत्याला एकदा विचारून घेणे, हा उपाय कुठल्याही चकतीपेक्षा खात्रीचा आहे.

मिरजेचा पेटीवाला

सर्वांचे आभार. कान मोजला: ७८ सेंटिमीटर. पेटी वाजवताना मी पुढे झुकतो तेव्हा ७३ होतो, पण संपादन करताना ७८ हाच खरा. ट्वीटर २१ वर आणि रबर एक सेंटिमीटरचे, म्हणून स्टँड ५६ सेंटिमीटरचा हवा असे मी धरले आहे.

शंकेखोर यांच्या सूचनेप्रमाणे काल शेजारच्या बांधकामावरून ठोकळे मागून आणले, मॉनिटर भिंतीपासून ४४ सेंटिमीटरवर घेतले आणि मेज खोलीबाहेर काढले. गेल्या महिन्यातले एक ध्वनिमुद्रण लावले. त्यात डग्गा मी किती वाढवून ठेवला होता ते घरीच ऐकू आले, आणि ते ध्वनिमुद्रण गायकाला आधीच पाठवून झाले आहे याची आठवण होऊन ओशाळलो. गादी पुढे सरकवल्याचा फरक मला नीट सांगता येत नाही. कदाचित आहे, कदाचित मला हवा आहे म्हणून वाटतो. खाली जाऊन आजोबांनाही विचारले. मॉनिटरचा त्रास त्यांना होत नाही, पहाटेच्या पेटीचा होतो.

एकच शंका राहिली. मॉनिटरची वायर पाइपच्या आतून नेता येईल का?

गंजलेला खिळा

वाळू भरणार असाल तर आतून नेऊ नका. वायर बदलायची वेळ आली की सगळी वाळू गादीवर ओतावी लागेल. पाइपच्या मागच्या बाजूला, वरून आणि खालून एकेक वीत सोडून, दोन छोट्या कड्या वेल्ड करून घ्या आणि वायर त्यांतून खाली सोडा. हे कोटिंगच्या आधी सांगा. आणि वायर जरा लांबच घ्या. ५६ सेंटिमीटर खाली उतरून फरशीवरून आपल्या मांडीपर्यंत यायला मेजावरची जुनी वायर पुरणार नाही.