पेशंट बोलतोय, तरी मॉनिटरवर असिस्टोलचा (हृदय थांबल्याचा) लाल अलार्म?

प्रश्न: पल्स लागते, एसपीओटूची (बोटाच्या क्लिपवरून मोजलेल्या ऑक्सिजनची) वेव्ह नियमित आहे, ईसीजीची लीड (वायर) सुटलेली नाही. तरी तासात चार-पाचदा असिस्टोल वाजतो. सायलेन्स करण्यापलीकडे काय करायचं?

उत्तर १: मॉनिटर निवडलेल्या लीडमधले (ईसीजीच्या एका कोनातले) क्यूआरएस (प्रत्येक ठोक्याची टोकदार लाट) मोजतो, बाकी त्याला काही कळत नाही. साधारण ४ सेकंद क्यूआरएस सापडला नाही की असिस्टोल. ०.१५ मिलिव्होल्ट किंवा त्याहून बुटकी लाट तो मुद्दाम सोडतो, नाहीतर गोंगाटही ठोका म्हणून मोजला जाईल. तुमच्या लीडमध्ये क्यूआरएस बुटके असणार. स्क्रीनवर साइज वाढवून बऱ्याच मशीनमध्ये फक्त चित्र मोठं होतं, मोजणी तीच. क्यूआरएस उंच आणि टी लाट (क्यूआरएसनंतर येणारी) लहान दिसेल अशी लीड घ्या (टी उंच असली तर ती ठोका धरली जाऊन रेट दुप्पट दिसतो). मग ‘रीलर्न’ (मशीनला पेशंटची लय पुन्हा शिकवणं) द्या, पण लय नेहमीची असतानाच. व्हीटीत (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणाऱ्या धोकादायक वेगवान लयीत) दिलंत तर मशीन तीच लय नॉर्मल समजू शकतं.

उत्तर २: त्याआधी इलेक्ट्रोड (छातीवरचे चिकट पॅच) बघा. जेल सुकलं की सिग्नल पडतो. केस काढा, त्वचा साबण-पाण्याने धुऊन नीट पुसा, रोज नवे लावा.

उत्तर ३: पेसमेकर आहे का? असेल तर ‘पेस्ड’ सेटिंग ऑन हवं. ऑफ असेल तर उलटं, जास्त वाईट: पेसमेकरचे स्पाइकच (त्याच्या विजेच्या टोकदार रेषा) ठोके म्हणून मोजले जातात आणि हृदय थांबलं तरी असिस्टोल वाजत नाही. ऑन असूनही हे कधीकधी होतं, म्हणून एसपीओटूचा पल्स रेट शेजारी दिसता ठेवा.

प्रश्नकर्ता: पेसमेकर नाही. लीड दोनमध्ये क्यूआरएस खरंच बुटके आहेत, व्ही लीडमध्ये (छातीवरच्या) उंच.

उत्तर १: मग व्ही लावा.