हॅलोवीनला कँडी किती आणायची, आणि घरात येणाऱ्या ढिगाचं काय?

जुईची_आई
यंदा इथे न्यू जर्सीतल्या एडिसनला स्वतःच्या घरातलं पहिलंच हॅलोवीन, म्हणजे ३१ ऑक्टोबरला सोंगं घेऊन मुलं दारोदार कँडी मागतात तो सण. अपार्टमेंटमध्ये दारावर कुणी येत नसे, त्यामुळे कँडी किती लागेल काही अंदाज नाही. सासूबाई आल्यात. त्यांना अंडंसुद्धा चालत नाही, आणि दारात वाटायला हौसेने त्याच बसणार आहेत. शिवाय २०२४ ला नरक चतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आलं, तेव्हा जुईने मैत्रिणीच्या गल्लीत फिरून उशीचा अभ्रा भरून कँडी आणली आणि चकली-अनारशांकडे ढुंकून पाहिलं नाही. ती कँडी संक्रांतीपर्यंत पुरली! यंदा हे आवरायचं कसं? आणि परक्यांनी दिलेलं पोरीला खाऊ द्यायचं का, असं सासूबाई रोज विचारतात.

अंगणातली_तुळस
किती लागेल ते शेजारी विचार, गल्लीगल्लीत फरक असतो. आमच्याकडे उजेड असतानाच चिल्लीपिल्ली येतात, आईबाबांचं बोट धरून. आठनंतर मिसरूड फुटलेली मुलं. त्यांनाही हसून दे गं. पोर्चचा दिवा चालू म्हणजे 'या'. कँडी संपली की दिवा बंद कर.

पाकीट उलटून वाचायचं. स्निकर्स, मिल्की वे, थ्री मस्कीटिअर्समध्ये अंड्यातला पांढरा भाग असतो. स्टारबर्स्ट आणि बहुतेक कँडी कॉर्नमध्ये जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं. स्किटल्स, सावर पॅच किड्स, किटकॅट आणि रीसेसच्या साध्या कपांत दोन्ही नाही. पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं येतात, म्हणून रीसेस वेगळ्या टोपलीत. निळसर-हिरवा भोपळा बाहेर ठेवलास तर अशा मुलांना कळतं की इथे खाऊऐवजी स्टिकर, पेन्सिलीही मिळतात.

आणि ढिगाला घाबरू नकोस! तो ढीग हाच तर सण आहे. घरी आल्याआल्या आमची दोघं कार्पेटवर सगळं ओततात, जातवारी लावतात, मग बाजार भरतो. एका रीसेसला तीन टूट्सी रोल. धाकटी अशी घासाघीस करते की मंडईतली मावशी हार मानेल. ज्या घरी अख्खा मोठा बार मिळाला, ते घर पुढच्या वर्षी सगळ्यात आधी. त्या रात्री मी कुणालाही 'पुरे' म्हणत नाही. एरवी वर्षभर आपण मोजूनमापूनच देतो.

दाढदुखी_डॉक्टर
तुळसताई, त्या रात्रीचं मला पटतं. दातांना त्रास होतो तो पुढे महिनाभर येता-जाता एकेक तोंडात टाकण्याने, कारण दर वेळी तोंडात नव्याने ॲसिड तयार होतं. म्हणून जेवणानंतर लगेच, एकदाच. चिकट कॅरामल आणि गमी दाढेच्या खाचेत बसतात, त्यापेक्षा चॉकलेट बरं. छोट्या तीन स्निकर्समध्ये मिळून साधारण २५ ग्रॅम साखर होते, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशन मुलांना दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. जुईला आवडती निवडू दे, बाकीची देऊन टाक. बरेच डेंटिस्ट पौंडावर कँडी विकत घेतात आणि ती सैनिकांना पाठवली जाते.

ओहायोकर
सासूबाईंना सांगा, डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याची एकही खरी घटना त्यांना सापडली नाही. टेक्सासमध्ये १९७४ साली एक मुलगा गेला, पण विष घालणारा त्याचा बापच होता. फाटलं-उघडलेलं पाकीट टाकून द्या, बस. घरात कुत्रा असेल तर मात्र ढीग उंचावर ठेवा, चॉकलेट त्याला बाधतं.

जुईची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार! कुत्रा नाही. सासूबाईंना ओहायोकरांचं वाचून दाखवलं, आता त्या शनिवारी माझ्याबरोबर दुकानात येतायत, चष्मा घेऊन. तुळसताई, बाजार भरवायला आमच्याकडे एकटीच जुई आहे, तुमची दोघं येतील का?

अंगणातली_तुळस
येतील की! नऊपर्यंत पोचतो. मी चकल्या आणते.