मदत हवी आहे: एडीएचडी असताना मोठं चित्रकाम डोळ्यांसमोर कसं मांडता?

नमस्कार मंडळी. मी नागपूरला, महालात राहते. लहान मुलांसाठी मारबतीवर, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीवर, ३२ पानांचं चित्रपुस्तक करतेय. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, इतवारीतली गर्दी, सगळं डोक्यात आहे. पण मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जातं, आणि जे नजरेसमोर नाही ते माझ्यासाठी उरतच नाही. वहीतल्या याद्या पान उलटलं की संपतात.

ट्रेलो हे कामांची कार्डं लावायचं अ‍ॅप वापरून पाहिलं. ‘करायचंय, चालू, झालं’ असे तीन रकाने केले, पण ‘चालू’मध्ये ११ कार्डं साचली आणि ते उघडायचीच धास्ती वाटू लागली. मिरो या ऑनलाइन फळ्यावर माइंड मॅप (कल्पनांचा फांद्याफांद्यांचा नकाशा) काढला. फांद्या काढताना फार आनंद झाला, पण त्यातून आज नेमकं कोणतं पान रंगवायचं ते कळेना. मग भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या. हेच सगळ्यात जास्त चाललं! पण उन्हाळ्यात कूलर लावला की चिठ्ठ्या भिंत सोडतात.

आता थर्माकोलच्या बोर्डावर ३२ चौकोन आखून टाचण्यांनी लघुचित्रं लावायचा विचार आहे, आणि ‘चालू’मध्ये दोनच पानं ठेवायची.

असं कुणी केलंय का? दोन आठवड्यांनी नजर सरावते आणि बोर्ड दिसेनासा होतो, तेव्हा काय बदलता? आणि पोळ्यापर्यंतचा वेळ भिंतीवर कसा दाखवू? तारखा लिहून मला अंतर जाणवतच नाही. तुमच्या बोर्डाचे फोटो टाकलेत तर फार मदत होईल.