रुग्णालयापर्यंतची पोहोच: बफर पुरेसा की प्रवासवेळच काढावी?

क्षितिज: क्यूजीआयएसमध्ये (नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये) सरकारी रुग्णालयांचे बिंदू, ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते आणि वर्ल्डपॉपचा १०० मीटरचा लोकसंख्या रास्टर (चौकोनी पेशींची जाळी, प्रत्येक पेशीत लोकांचा अंदाज) आहे. दोन तासांत रुग्णालय न गाठता येणारे लोक मोजायचे आहेत. भाग डोंगराळ, मधून मोठी नदी. रुग्णालयाभोवती १० किमीच्या बफरवर (सरळ अंतराच्या वर्तुळावर) भागेल का?

नकाशेवाला: नाही भागणार. बफरला नदी दिसत नाही. पूल कितीही लांब असो, पलीकडचं गाव ‘जवळ’च ठरतं. अ‍ॅक्सेसमॉड हे प्रवासवेळ काढणारं सॉफ्टवेअर वापरा, जागतिक आरोग्य संघटनेचं आहे आणि मोफत आहे. भू-आच्छादन, रस्ते, नद्या, उंची असे थर दिले की प्रत्येक पेशीला वेग ठरवता येतो. आधी सगळे थर एकाच यूटीएममध्ये (मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणात) आणा. ईपीएसजी ४३२६ (अक्षांश-रेखांश) मध्ये अंतर अंशांत मोजलं जातं. उतारावरून चालण्याचा वेग काढणाऱ्या टोबलरच्या सूत्राने सपाटीवर ताशी ५ किमी चाल येते, ती धडधाकट माणसाची. रुग्णासाठी कमी धरा. आणि प्रवासाची दिशा ‘रुग्णालयाकडे’ ठेवा, चढ-उतारामुळे जायचा-यायचा वेळ सारखा नसतो.

रास्टरभाऊ: नदीचा रास्टर स्वतः करणार असाल तर जपून. एका पेशीच्या जाडीची नदी तिरकी गेली की आठ दिशांची गणना दोन पेशींच्या कोपऱ्यातून सरळ पलीकडे निसटते. नकाशा दिसतो छान, पण पूल नसताना लोक नदी ओलांडतात! नदीला ‘ऑल टच्ड’ (रेषा स्पर्श करते ती प्रत्येक पेशी भरणारा पर्याय) लावा. रस्त्यांना मात्र नको, कारण काठाचा रस्ता जाड होऊन नदीच्या पेशी खातो आणि तिथे खोटा पूल तयार होतो.

लोकसंख्येची पेशी मोठी करताना ‘सम’ (बेरीज) निवडा (क्यूजीआयएसमागच्या जीडीएएल लायब्ररीच्या ३.१ आवृत्तीपासून ‘वॉर्प’ साधनात आहे). ‘निअरेस्ट’ एकाच जवळच्या पेशीचा आकडा घेतं, त्याने माणसं गायब होतात. आधीची आणि नंतरची बेरीज ताडून पाहा.

क्षितिज: रुग्णालयं फक्त जिल्ह्यातलीच घेऊ ना?

नकाशेवाला: छे. रस्ते, उंची, रुग्णालयं सगळं हद्दीबाहेर दोन तासांच्या टप्प्यापर्यंत घ्या. लोकसंख्या शेवटी जिल्ह्यापुरती कापा.

खाटामोजणी: कापायची घाई नको, खाटांचा हिशेब करायचा असेल तर बाहेरचे लोकही लागतात. प्रत्येक रुग्णालयाच्या खाटांना त्याच्या टप्प्यातल्या लोकसंख्येने भागा. मग प्रत्येक वस्तीसाठी तिच्या टप्प्यातल्या रुग्णालयांच्या ह्या गुणोत्तरांची बेरीज करा. बाहेरचे रुग्ण गाळले तर हद्दीजवळच्या रुग्णालयांत खाटा उगाच मुबलक दिसतील. खाटा मंजूर नव्हे, चालू असलेल्या घ्या.