मदत हवी आहे: नुनावुतमधील महागाई, वर्षाची बेगमी आणि सरकारी साहाय्य

नमस्कार मंडळी,

गेल्या ऑगस्टपासून मी कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात, बॅफिन बेटाच्या उत्तरेकडील एका लहान गावात, आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून काम करते आहे. यजमान नोकरीमुळे टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनलाच आहेत. येथील खर्च आणि तो हलका करण्यासाठी असलेल्या सरकारी योजना यांबद्दल मला जाणकारांचा सल्ला हवा आहे. प्रश्न केवळ माझ्या घरापुरता नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

नुनावुतमध्ये पंचवीस गावे आहेत. त्यांतल्या एकाही गावाला दक्षिणेकडून रस्ता येत नाही आणि या गावातून त्या गावालाही रस्त्याने जाता येत नाही. दूध, अंडी, भाजी, फळे वर्षभर विमानाने येतात. जड आणि टिकाऊ सामान साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात, समुद्र मोकळा असताना, जहाजाने येते. वीज गावोगावच्या डिझेल जनित्रांवर चालते आणि ते डिझेलही उन्हाळ्यात जहाजानेच येऊन वर्षभर पुरवावे लागते. त्यामुळे दुकानातल्या फ्लॉवरच्या किमतीत विमानाचे भाडे तर असतेच, पण ते दुकान उबदार ठेवण्याचा आणि त्यात दिवे लावण्याचा खर्चही असतो. हवा बिघडून विमान तीन दिवस आले नाही, तर तोच फ्लॉवर दांड्याशी काळा पडून येतो आणि त्याच किमतीला विकला जातो.

गेल्या शनिवारी दूध, अंडी, पाव, एक फ्लॉवर, सहा सफरचंदे आणि द्राक्षांची एक पिशवी एवढेच घेतले, तर बिल सत्तर डॉलरच्या पुढे गेले. पावतीच्या तळाशी ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ या योजनेतून किती सूट मिळाली, त्याची वेगळी ओळ होती. ही योजना १ एप्रिल २०११ रोजी, त्याआधीची टपालाने अन्न पाठवण्याची सवलत बंद करून, सुरू झाली. तिच्यात पैसे ग्राहकाला मिळत नाहीत. नोंदणीकृत व्यापाऱ्याला गावाच्या अंतरानुसार आणि मालाच्या प्रकारानुसार किलोमागे अनुदान मिळते आणि त्याने ते किमतीतून ग्राहकापर्यंत पोचवावे, अशी अपेक्षा असते. कॅनडाच्या महालेखापालांनी २०१४ मध्येच म्हटले होते की, हे अनुदान पुरेपूर ग्राहकापर्यंत पोचते की नाही याची पडताळणी योजना चालवणाऱ्या खात्याने केलेली नाही. अलीकडे संशोधकांनी केलेल्या एका अभ्यासात अनुदानाच्या एका डॉलरमागे किंमत सुमारे ६७ सेंटनीच उतरते असे आढळले. पावतीवरची ती ओळ वाचताना मला दर वेळी हे आठवते आणि मन अस्वस्थ होते.

माझे स्वतःचे भागते. पगार बरा आहे, उत्तरेचा भत्ता आहे, राहायला नोकरीचे घर आहे. माझ्या शेजारच्या आजींचे तसे नाही. (त्या माझ्या रुग्ण नाहीत, आणि त्यांची ओळख पटेल असे काही मी येथे लिहिणार नाही.) चार नातवंडे त्यांच्याकडेच वाढतात. मी आले त्या आठवड्यात त्यांनी दार वाजवले, हातात ‘आर्क्टिक चार’ नावाचा एक मोठा मासा होता. स्वयंपाकघराच्या जमिनीवर पुठ्ठा पसरून त्या खाली बसल्या आणि उलू या अर्धगोल सुरीने तो इतक्या सफाईने कापला की मला आमच्या गुहागरच्या घरातली विळी आणि तिच्यावर बसलेली आजी आठवली. पैशाचे नाव काढू दिले नाही. शिकारीचे मांस आणि मासे वाटून खाणे ही येथली रीतच आहे. पण शिकारीलाही स्नोमोबाइल, पेट्रोल आणि काडतुसे लागतात, आणि त्यांच्या घरात आता बाहेर जाणारा कोणी धडधाकट माणूस नाही.

मार्च २०२५ पर्यंत इनुइट, म्हणजे येथील मूळ रहिवाशांच्या, मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेतून येथील गावांत अन्नाची कुपने मिळत होती, मुलामागे महिन्याला ५०० डॉलर. ती बंद झाली. त्यानंतर महिन्याचा शेवटचा आठवडा कसा जातो, हे आजी सांगत नाहीत, पण मुले माझ्याकडे खेळायला येतात तेव्हा जेवणाची वेळ विचारतात.

आता प्रश्न. कोकणात आगोटीच्या आधी, म्हणजे पाऊस लागण्यापूर्वी, चार महिन्यांचे तांदूळ, डाळी, मीठ, मसाले, सुकी मासळी घरात भरून ठेवतात. येथे जहाजाने, म्हणजे ‘सीलिफ्ट’ने, वर्षभराची बेगमी करणे हे तसेच आहे, असे समजून मी येत्या उन्हाळ्यासाठी मागणी द्यावी का? कणीक, तूरडाळ, तांदूळ एका माणसाला किती लागतील, याचा हिशोब कोणी केला आहे का, आणि सामान उणे चाळीस अंशांत कोठे ठेवावे? दुसरे, उत्तरेकडील रहिवाशांसाठीची आयकरातील वजावट मला पहिल्याच वर्षी मिळेल का? आणि तिसरे, ज्यासाठी मुख्यतः हे लिहिले: सीलिफ्टचे पैसे आगाऊ आणि एकरकमी, बहुधा कार्डाने भरावे लागतात. ज्यांच्याकडे ना कार्ड ना शिल्लक, अशा शेजाऱ्यांना त्यांचा मान राखून कसे सामील करून घ्यावे?

प्रतिसाद १ (नुनावुतमधीलच रँकिन इनलेट येथे सहा वर्षे शिक्षक होतो)

ताई, मागणी अवश्य द्या, आणि लवकर द्या. बॅफिनकडे जाणारा माल मुख्यतः माँट्रियलजवळच्या सेंट लॉरेन्स नदीकाठच्या बंदरांवरून चढतो, आणि माल तेथे पोचवण्याच्या मुदती जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी संपतात. भाडे टनावर आकारतात, पण टन म्हणजे हजार किलो किंवा अडीच घनमीटर, यांपैकी जे जास्त भरेल ते. याचा फायदा आपल्या स्वयंपाकाला होतो, कारण डाळ-तांदूळ कमी जागेत जास्त वजनाचे असतात. कागदी रुमाल आणि डायपर जागा खातात, म्हणून लाकडी पेटीच्या सांदीकोपऱ्यांत तेच कोंबून भरा. आमच्याकडे दोघांना वर्षाला साठ किलो कणीक, चाळीस किलो तांदूळ आणि पंचवीस किलो डाळी-कडधान्ये पुरत असत. पेटी बार्जवरून, म्हणजे सपाट तळाच्या नावेवरून, भरतीच्या वेळी किनाऱ्यावर उतरते, तेथून घरी न्यायला गाडी कोणाची, हे आधी ठरवून ठेवा.

पीठ, डाळी, तांदूळ बाहेरच्या कोठीत गोठले तरी बिघडत नाहीत, उलट कीड लागत नाही. आत आणल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर पीठ ओलावते. तेल, लोणची आणि काचेच्या बरण्या मात्र घरातच. ताज्या मालासाठी दक्षिणेकडील नोंदणीकृत पुरवठादाराकडून थेट मागवता येते आणि अनुदान त्यालाही लागू होते. दूध, गोठवलेली भाजी व फळे आणि बाळाचे अन्न यांवर दर सर्वांत जास्त आहे.

आजींसाठी: आम्ही चार घरांनी मिळून एक पेटी भरत होतो. पैसे मी भरायचो आणि ती घरे दर महिन्याला थोडे थोडे परत करायची. एका घराने सगळे माशांतच फेडले, आणि व्यवहार कोणालाही उपकाराचा वाटला नाही. शिवाय गावच्या शिकारी संघटनेत चौकशी करा. न्यूट्रिशन नॉर्थमधूनच शिकारीच्या खर्चासाठी वेगळे अनुदान इनुइट संस्थांकडे येते. त्यातून दुसऱ्या कोणाची शिकार त्यांच्या घरापर्यंत पोचू शकते.

प्रतिसाद २ (ओंटारिओत करविवरणे भरून देण्याचे काम करते)

संपूर्ण नुनावुत या आयकर-वजावटीच्या ‘अ’ विभागात येते, म्हणून वजावट पूर्ण दराने मिळते. रोजचे ११ डॉलर, आणि त्या घरातून दुसरे कोणी दावा करत नसेल तर आणखी ११. यजमान ब्रॅम्प्टनला राहतात, त्यामुळे तुम्हाला २२ घेता येतील. अट सलग सहा महिने राहण्याची आहे, पण ते सहा महिने दोन करवर्षांत विभागलेले असले तरी चालतात. ऑगस्टपासून मोजता फेब्रुवारीत ते पूर्ण होतात, म्हणून ३० एप्रिलच्या आत विवरण भरताना २०२५ मधील दिवसांचा दावा करा. अर्ज टी २२२२ हा आहे, आणि वजावट निव्वळ उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून जास्त होत नाही.

मात्र ही वजावट उत्पन्नातून होते. ज्याला कर फारसा लागतच नाही त्याच्या हाती तिच्यातून काही पडत नाही. आजींच्या बाबतीत वेगळीच गोष्ट पाहा: चारही मुलांचा बालभत्ता त्यांच्या नावावर येतो का? मूल ज्याच्याकडे प्रामुख्याने वाढते त्याला तो मिळतो, आई-वडीलच असावेत असे नाही. पण उत्पन्न शून्य असले तरी दरवर्षी विवरण भरावे लागते, आणि मुले आजीकडे आली तरी भत्त्याची नोंद पूर्वीच्याच नावावर राहिली, असे मी अनेकदा पाहिले आहे. अर्ज आरसी ६६ चा आहे. मुले त्यांच्याकडे राहतात असे शाळेचे पत्र जोडावे. कमी उत्पन्नाच्या लोकांची विवरणे स्वयंसेवक विनामूल्य भरून देतात.

मूळ प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आजींकडे गेले होते. त्यांची मोठी मुलगी दुभाषी म्हणून बसली. दोन मुलांचा भत्ता पूर्वी येत होता, धाकट्या दोघांचा अडीच वर्षे आलेलाच नाही, आणि विवरण दोन वर्षे भरलेले नाही. सोमवारी शाळेचे पत्र मिळेल. पेटीत सामील व्हायला त्या तयार आहेत. त्यांनी यादीत प्रथम डायपर आणि मग वीस किलो मैदा लिहायला लावला, बॅनक या येथील भाकरीसाठी. एवढेच सांगा, मागच्या काळाचा थकलेला भत्ता मागायचा तर मुले आजींकडे आल्याची तारीख कोणत्या कागदाने दाखवावी?